डमीचा राजा

बदाम सात, झब्बू, लाडीस अशा पायऱ्या चढत माणूस ब्रिजपर्यंत येतो आणि आपल्याला पत्ते कळू लागले असे समजतो. माझी ही समजूत सासुरवाडीला, मोहाडीत, भर दिवाळीत उतरली.

भंडारा-तुमसर रस्त्यावरचे हे गाव. बाहेर भारी धान कापणीच्या बेतात, आत ओसरीवर सतरंजी. आमची ही माझी भिडू. विरुद्ध बाजूस सासरे आणि मेहुणा. मी दोन नो-ट्रम्प म्हटले, हिने तीन केले. म्हणजे हुकुमाविना नऊ हात करणे आले.

माझी पाने : इस्पिक एक्का, राणी, ३, बदाम एक्का, राजा, ५, ३, चौकट राजा, ४, किलवर एक्का, ७, ५, २.

डमी : इस्पिक राजा, ६, ४, बदाम ७, ४, २, चौकट राणी, गुलाम, १०, ९, ५, किलवर ८, ३.

सासऱ्यांनी इस्पिक गुलामाची उतारी केली. हातचे एक्का-राणी राखावेत म्हणून मी डमीचा राजा मारला. मग डमीतून चौकटची पंजी, वर माझा राजा. मेहुण्याने लहान पान टाकले आणि राजा चालला. मी खूष! पुन्हा चौकट खेळून डमीची राणी लावली, तेव्हा त्याने शांतपणे एक्का काढला. आता डमीत गुलाम, दश्शी, नव्वी अशी तीन पक्की पाने. पण माझ्याकडे चौकट उरली नव्हती आणि डमीत जायला दुसरे पानही नव्हते. ताट वाढलेले, पण पाटापर्यंत वाट नाही! झाले सात हात, दोन कमी.

आणि मी काय म्हणावे? "तीन कशाला म्हणालीस? तुझ्या पानांत होते काय?" तेही तिच्या माहेरी, तिच्या वडिलांसमोर. डमीने बोलायचे नसते, म्हणून ती डावभर गप्प होती. आता तिने पाने पुन्हा मांडली.

"अहो, आधी मोजा. इस्पिकचे तीन, बदामचे दोन, किलवरचा एक, झाले सहा. उरलेले तीन चौकटीतूनच यायचे, आणि एक्का निघाल्याशिवाय ते येत नाहीत. तो केव्हा निघेल हे भाऊच्या हातात. मग डमीत परत जायला काय ठेवलंत? पहिला इस्पिक तुमच्या एक्क्याने घ्यायचा. राजा तिथेच राहू द्यायचा."

तसे खेळून पाहिले. एक्का कधीही निघो, इस्पिकच्या तिर्रीवरून राजाकडे जाता येते आणि चौकटचे चार हात मिळतात. एकूण दहा!

सासरे हसून म्हणाले, "जावईबापू, पाट बुजवला अन् मंग बांधीत पाणी सोडलं तुमी!"

मी सारा दोष हॅरॉल्ड व्हँडरबिल्टवर ढकलला. १९२५ साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर या अमेरिकन गृहस्थाने गुणांची नवी पद्धत बसवली. त्यापूर्वीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये न बोललेले जादा हातही गेमच्या हिशेबात चालत. त्याने फक्त बोललेलेच धरले. त्यावर मेहुण्याने २०१८ सालच्या जाकार्ताच्या आशियाई स्पर्धा काढल्या. ब्रिज तिथे प्रथमच आला आणि साठीचे प्रणव बर्धन व छप्पन्न वर्षांचे शिवनाथ सरकार यांनी सुवर्णपदक आणले. "तेव्हा भावजी, तुम्हाला अजून वेळ आहे!"

हिची मी माफी मागितली. तीही सर्वांसमोर, कारण बोललो सर्वांसमोर होतो. ती नुसती "वाटा" म्हणाली.

पुढच्या डावात डमी मी. उतारी झाली, मी पाने मांडली, आणि ही बोटांवर हात मोजत बसली. मेहुणा चुळबुळला, सासूबाईंनी आणलेला चहा निवत चालला. मला डमीतले नेमके पान दिसत होते आणि जीभ शिवशिवत होती.

तिने भलतेच पान मागितले. तीन नो-ट्रम्प झाले.