आईला उपदेश नको, सोबत हवी



बरेच दिवसांनी लिहायला बसले आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, त्यामुळे डोळ्यांना सुट्टी होती. असो.

परवा आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीवरून जात होते. सेविकाताई दारातच मोबाईलमध्ये मान घालून बसलेल्या. "काय ताई, मुलं कुठायत?" तर म्हणाल्या, "आत आहेत बाई. ही माहिती आज भरली नाही तर उद्या वरून फोन येतो." त्यांचा चेहरा बघून मला जमैकाची गोष्ट आठवली. आमच्या सूनबाईंनी मागे वाचून दाखवली होती.

१९८६-८७ साली जमैकातल्या किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत, वयाच्या मानाने उंची खुंटलेली १२९ बाळे निवडली. काहींना दुधाची पावडर दिली. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा, तासभर, आरोग्यसेविका जाऊ लागली. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. असे दोन वर्षे चालले. ही सेविका काय करायची? आईजवळ बसायची, टाकाऊ वस्तूंची खेळणी काढायची, बाळाशी कसे खेळावे, कसे बोलावे ते दाखवायची. मग आईला करू द्यायची आणि "छान जमलं" म्हणायची. बस्स! ती बाळे २२ वर्षांची झाल्यावर पाहिले, तर ज्यांच्या घरी सेविका जात होती त्यांची कमाई इतर खुंटलेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. नुसत्या दुधाने असा फरक पडला नव्हता. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे ऐकून मला माझ्याच पालकसभा आठवल्या आणि खरे सांगते, लाज वाटली. नोकरीत नवीन असताना एका मजुरी करणाऱ्या आईला मी सर्वांसमोर म्हणाले होते, "तुम्ही घरी मुळीच लक्ष देत नाही." ती खाली मान घालून ऐकत राहिली. पुन्हा कधीही सभेला आली नाही. मुलगा चौथीनंतर शाळेतून गेला. तिला काही येत नाही हे मी गृहीतच धरले होते. तिला काय येते, हे विचारायचे सुचलेच नाही. तिला कितीतरी ओव्या येत असतील, गोष्टी येत असतील!

म्हणून मला वाटते, गरीब देशांतल्या अशा योजना पैशाअभावी अडतात हे अर्धेच खरे. त्या मोठ्या झाल्या की त्यांतला तो 'तास' हरवतो. पेरू देशाने २०१२ मध्ये 'कुना मास' नावाने हेच देशभर नेले. मुलांना फायदा झाला, पण जमैकाइतका नाही. मोजक्या घरांत जपून केलेले काम हजारो घरांत तसेच राहत नाही. पुरणपोळी चार माणसांची आणि चारशे माणसांची, चवीत फरक पडणारच!

मग आपण हात टेकायचे का? मुळीच नाही. आपल्याच ओडिशातल्या खेड्यांत एक प्रयोग झाला. काही गावांत घरोघरी जाऊन शिकवले, काही गावांत आयांना बाळांसह एकत्र बसवले. मुलांची प्रगती दोन्हीकडे जवळजवळ सारखीच आणि एकत्र बसण्याचा खर्च पुष्कळ कमी. आपल्या बायका हळदीकुंकवाला, भजनाला जमतातच की! एकीचे पाहून दुसरी शिकते, कुणी कुणाला रागावत नाही.

२०२४ मध्ये केंद्र सरकारने तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला आहे. त्यात महिन्यामहिन्याचे खेळ दिले आहेत. चांगलेच आहे. पण ते खेळ खेळायला सेविकेला वेळ कोण देणार? तिच्या हातून माहिती भरण्याचे काम कमी करा, मानधन नीट द्या, आणि तिची चूक काढायला नव्हे तर तिच्याबरोबर बसायला कुणीतरी पाठवा. जिला वरून फक्त दरडावणे मिळते, ती खाली आईला काय देणार? मी तरी काय दिले होते?

आता मी दर बुधवारी तासभर त्या अंगणवाडीत जाते. जुन्या डब्यात चिंचोके घालून, झाकण घट्ट चिकटवून खुळखुळे करतो. बोलते कमी, ऐकते जास्त. सवय नाही, पण जमेल हळूहळू!

तुमच्या गावी काय चालते, जरूर कळवा. आणि भाचेमंडळींनो, घरातले रिकामे डबे टाकू नका, मला आणून द्या.