नेसरीचा बाजार आणि मेंदूतील दोन भाषा

नेसरी म्हटले की मराठी मनाला २४ फेब्रुवारी १६७४ हा दिवस आठवतो. सरसेनापती प्रतापराव गुजर आपल्या सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, ती खिंड येथलीच. गडहिंग्लज तालुक्यातील या गावाची दुसरी ओळख मात्र फारशी कोणी सांगत नाही. हा मुलूख मराठी-कन्नडच्या सीमेवरचा. संकेश्वर-बेळगावकडची सोयरीक आणि देवघेव येथे पिढ्यान् पिढ्यांची. बाजारात एकाशी मराठीत भाव ठरवणारा शेतकरी दुसऱ्या गिऱ्हाइकाला सहज कन्नडमध्ये उत्तर देतो. त्याच्याच पदवीधर मुलाला मुलाखतीत इंग्रजीची चार वाक्ये बोलताना घाम फुटतो. बापाची बुद्धी तल्लख आणि मुलाची मंद, असे म्हणण्यास काही आधार नाही.

याचे उत्तर मेंदूविज्ञानात सापडते. १९९७ साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, बालपणीच दोन भाषा आत्मसात केलेल्यांच्या मेंदूच्या पुढील भागात दोन्हींसाठी जवळपास एकच क्षेत्र कार्यरत होताना दिसले. मोठेपणी दुसरी भाषा शिकलेल्यांत ती क्षेत्रे शेजारी, पण वेगळी होती. पुढच्याच वर्षी इटलीतील संशोधकांनी दाखवून दिले की, निदान ऐकून समजण्याच्या बाबतीत, भाषा किती लवकर शिकली यापेक्षा ती किती चांगली येते याला अधिक महत्त्व आहे. बोलताना तर ही गोष्ट विशेष जाणवते. भाषा कच्ची असेल तर शब्द शोधणे, जिभेवर येणारा मातृभाषेतील शब्द आवरणे, वाक्य जुळवणे यांसाठी मेंदूला जादा श्रम करावे लागतात. सराव वाढतो तसे हे श्रम सामान्यतः कमी होतात. मेंदूला भाषेची प्रतिष्ठा कळत नाही, तिचा वापर कळतो.

मेकॉलेच्या मानसपुत्रांना हे कधी उमगले नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आली. त्या वेळी पहिलीत बसलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. त्यांतील कित्येकांनी इंग्रजी वाचली, लिहिली, पाठ केली. बोलली मात्र क्वचितच. उपाय म्हणून पालक मुलाला थेट इंग्रजी माध्यमात घालतात आणि घरची भाषाही पांगळी करून ठेवतात. दोन्हीकडून नुकसान!

याचा अर्थ दुसरी भाषा नको, असा नव्हे. हैदराबादच्या निम्स संस्थेत ६४८ स्मृतिभ्रंशग्रस्तांची पाहणी झाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसून आला; निरक्षरांतही. (कार्यकारणभावाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, हेही सांगितले पाहिजे.) बहुभाषिकता हा या देशाचा जुना संस्कार आहे.

म्हणूनच २०२५ सालच्या वादाची खंत वाटते. पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय एप्रिलमध्ये निघाला, २९ जूनला मागे घेतला गेला. मधल्या काळात अस्मितेवर घनघोर चर्चा झाली. त्या मुलाशी ती भाषा बोलणार कोण, हा प्रश्न बाजूलाच राहिला. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचे माध्यम सुचवते. तो पाया धरून गडहिंग्लज-चंदगडच्या शाळांत आठवड्यातून एकदा एखाद्या कन्नडभाषक आजीला गोष्ट सांगायला बोलवावे. तिला पाठ्यपुस्तक लागणार नाही, आणि त्या तासाची परीक्षाही घेऊ नये.