निषेध आणि नामकरण

जिनोआच्या २००१ मधील रक्तपातानंतर 'जी-८' परिषदा दुर्गम स्थळी नेण्याचा प्रघातच पडला. ७ ते ९ जुलै २००८ ची परिषद जपानच्या होक्काइदो बेटावर, तोया सरोवराकाठी भरली. निदर्शकांनीही तंबू ठोकले, साप्पोरोत मोर्चा काढला. परंतु त्या उन्हाळ्यातला सर्वांत अर्थगर्भ निषेध मला घोषणांत नव्हे, एका नावात दिसतो. १ ते ४ जुलैला ऐनू लोकांनी बिरातोरी व साप्पोरो येथे जगभरच्या आदिवासींची स्वतंत्र शिखर परिषद भरवली आणि त्या भूमीला म्हटले 'ऐनू मोशिर', म्हणजे माणसांची भूमी. 'होक्काइदो' हे १८६९ साली राज्यकर्त्यांनी दिलेले नाव. 'तोया' मात्र मुळात ऐनूच.

नावाने काय साधते, असे कोणी विचारील. ६ जून २००८ रोजी जपानी संसदेने ऐनूंना मूलनिवासी मानणारा ठराव केला. २०१९ मध्ये तसा कायदाही झाला. जमिनीवरचा हक्क मात्र परत मिळाला नाही. म्हणजे शब्द मिळाला, भूमी नाही. हे मान्य करूनही वाटते, की ज्याचे नावच पुसले गेले, त्याने भूमी मागावी तरी कोणत्या नावाने? संघटनेचा आरंभ म्हणूनच भाषेत होतो. अर्थात शेवट तिथे होऊ नये.