रुबिस्कोच्या पाठराखिणी

शेतातल्या प्रत्येक दाण्यातला कार्बन कधीतरी हवेत होता. तो हवेतून उचलून पिकाच्या अंगी लावण्याचे काम रुबिस्को नावाचे एन्झाइम करते. पृथ्वीवर सर्वाधिक आढळणाऱ्या प्रथिनांत त्याची गणना होते. पण कामात ते कमालीचे सुस्त आहे. एका सेकंदात ते जेमतेम तीन ते दहा रेणू हाताळते. त्यातही अनेकदा कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडून बसते आणि तापमान वाढले की ही चूकही वाढते. त्यामुळे ‘रुबिस्को सुधारा, उत्पादन वाढवा’ ही घोषणा अनेक वर्षे भुरळ घालत आली आहे. पण ती अर्धवट आहे.

अर्धवट का, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून दिसले. शास्त्रज्ञांनी काही शैवालांच्या रुबिस्कोची जनुके तंबाखूच्या हरितलवकात घातली. प्रथिन भरपूर तयार झाले, पण त्याची जुळणी झालीच नाही. सुटे भाग आले, यंत्र उभे राहिले नाही.

वनस्पतींचे रुबिस्को १६ भागांचे असते : आठ मोठे, आठ लहान. मोठे भाग हरितलवकातच बनतात. लहान भागांची जनुके पेशीकेंद्रात असतात, त्यामुळे ते बाहेर बनून आत येतात. मोठे भाग एकटे सोडले तर एकमेकांना चिकटून त्यांचा निरुपयोगी गोळा होतो. १९८० मध्ये ब्रिटनच्या वॉरिक विद्यापीठात जॉन एलिस यांच्या प्रयोगशाळेला हे मोठे भाग दुसऱ्याच एका प्रथिनाला धरून असलेले आढळले. पुढे अशा प्रथिनांना ‘शॅपरोन’ हे नाव रूढ झाले. आपल्याकडे त्यासाठी नेमका शब्द आहे : पाठराखीण. नवरीसोबत सासरी जायचे, ती रुळेपर्यंत थांबायचे आणि मग परत फिरायचे. ही प्रथिनेही तसेच करतात. एक पिंपासारखे प्रथिन मोठ्या भागाला आत घेऊन नीट घडी घालू देते. इतर काही प्रथिने भागांच्या जोड्या सांभाळतात. शेवटची पाठराखीण आठही मोठे भाग धरून ठेवते आणि लहान भाग आले की जागा सोडते. तयार रुबिस्कोत यांपैकी कोणीही उरत नाही.

२०१७ मध्ये जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अशा पाच पाठराखिणी एका जिवाणूत घातल्या आणि वनस्पतीचे रुबिस्को प्रथमच वनस्पतीबाहेर जुळवले. त्यामुळे रुबिस्कोतले बदल तपासण्यासाठी दर वेळी नवे रोप घडवण्याची गरज उरली नाही. २०१८ मध्ये मक्यात रुबिस्कोच्या दोन्ही भागांबरोबर एक पाठराखीणही वाढवली, तेव्हा रुबिस्कोचे प्रमाण ३० टक्क्यांहून अधिक वाढले.

याचा अर्थ उद्याच बाजारात चमत्कारी बियाणे येईल असा मुळीच नाही. प्रयोगशाळेतले झाड आणि पाण्याची ओढ सोसणारे शेत यांत मोठे अंतर आहे. ज्वारी आणि ऊस यांच्याकडे रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइड साठवण्याची सोय मुळातच आहे. गहू, भात, सोयाबीन, कापूस यांच्याकडे ती नाही. त्यामुळे एकच उपाय सर्व पिकांना सारखा लागू पडणार नाही. शेतकऱ्याला तसे सांगणे ही फसवणूकच ठरेल.

खरा धडा वेगळा आहे. १९८० मध्ये त्या चिकटलेल्या प्रथिनाचा ‘उपयोग काय’ असे विचारून निधी थांबला असता, तर २०१७ चा प्रयोग झाला नसता. दोन्हींमध्ये ३७ वर्षे गेली. भारत संशोधनावर सकल उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो आणि त्यातही लगेच फळ मागतो. वाढत्या उष्णतेत तग धरणारी पिके हवी असतील, तर मूलभूत वनस्पतिविज्ञानाला दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पांपलीकडचा, खात्रीचा निधी द्यावा लागेल. पाठराखणीची गरज संशोधनालाही असते.