सलामी कुणाला?



डहाणूत २६ जानेवारीचं संचलन मी दरसाल बघतो. बोईसरच्या गिरणीतून रात्रपाळी सुटली की तसाच, केसात कापूस घेऊन जातो. बिगुल, बुटांचा आवाज, सलामी. खोटं कशाला बोलू, छाती आपलीही फुगते. आजा महार रेजिमेंटात होता. एका साली त्यालाही मांडवात बोलावलं. शाल, नारळ, टाळ्या. दुसऱ्याच आठवड्यात घराच्या जागेचा कागद विचारायला तो एका कचेरीत गेला. अंगावर तीच शाल. साहेबानं विचारलं, कुठल्या वस्तीतले? म्हाताऱ्यानं सांगितलं. मग तो दोन तास दाराशी उभा. खुर्च्या रिकाम्या होत्या.

सलामी वर्दीला असते. आतल्या माणसाला नसते.

ही गोष्ट आजची नाही. १८१८ साली कोरेगावला आपली माणसं पडली. खांबावर नावं आहेत, शेवटी ‘नाक’ असलेली. पण १८९२ च्या सुमारास त्याच गोऱ्या सरकारनं महारांची भरती बंद केली. म्हणे ही लढाऊ जातच नव्हे! गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पेन्शनीतले शिपाई, त्यांनी १८९४ ला अर्ज लिहिला. ऐकतो कोण? महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला महार पलटण उभी केली, १९२१ ला मोडली. दुसरं युद्ध आलं, १९४१ ला बेळगावात पुन्हा उभी. लढाई आली की शूर, लढाई सरली की महार. तिकडं अमेरिकेत १९४६ साली आयझॅक वुडर्ड हा काळा सार्जंट युद्धावरून घरी निघाला होता. अंगावर वर्दी तशीच होती. पोलिसांनी मारून त्याचे डोळे फोडले.

हे झालं त्यांचं. आता आपलं बोलू.

१ जानेवारीला आपण गाड्या भरून कोरेगावला जातो. जावंच. १९२७ ला बाबासाहेब गेले होते. पण दर १० ऑक्टोबरला इथं तलासरीत हजारो वारली रस्त्यावर येतात, तेव्हा आपण कुठं असतो? १९४५ च्या मे महिन्यात झरीला जमून या माणसांनी जमीनदाराची वेठ नाकारली. १० ऑक्टोबरला तलवाड्यात जमले तर पोलिसांनी गोळ्या घातल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मेले. यांच्या अंगावर लंगोटी होती. वर्दी होती ती बंदुकीच्या मागं.

आपल्यातलेच काही म्हणतात, तो लाल बावट्याचा कार्यक्रम, आपला काय संबंध? अरे, वेठ म्हणजे काय हे महाराच्या पोराला दुसऱ्यानं समजावून सांगायचं का? गावकीच्या कामाला आपल्या आज्यापणज्यांना कुणी मजुरी दिली होती? लाल बावट्याशी आपलं भांडण आहे, ते मीही भांडतो. मेलेल्या वारल्याशी आपलं कसलं भांडण?

यंदा १० ऑक्टोबरला माझी दिवसपाळी आहे. रजा मिळणार नाही, जॉबरनं सांगून टाकलंय. मी खाडा करणार. निळा झेंडा घेऊन तलासरीच्या नाक्यावर सकाळी नऊला उभा असेन. कोण कोण येतंय ते कळवा.