‘सर्व संबंधित’ म्हणजे नेमकं कोण?

बसस्टँडमागचा रस्ता काल पुन्हा फोडला. आधी काँक्रीट केलं, मग पाइपलाइनसाठी उकरलं, आता गटारासाठी. रस्तेवाले म्हणतात पाणीवाल्यांना विचारा, पाणीवाले म्हणतात ठेकेदाराला विचारा, ठेकेदार फोन उचलत नाही.

मंडळी, कामाचा हिशेब नसतो असं समजू नका. सरकारी अंदाजपत्रक एकदा बघाच. खोदाई घनमीटरमध्ये, सळई किलोत, पाइप मीटरमध्ये. प्रत्येक बाबीचं परिमाण, त्याला दरसूचीतला दर. काम झालं की मोजमाप पुस्तिकेत म्हणजे एम.बी.त नोंद, मग बिल. खर्चाची फोड अगदी शेवटच्या रुपयापर्यंत! पण त्याच बाबीसमोर हे काम कोणाच्या नावावर आणि ते कोणत्या कामाआधी व्हायला हवं, याचा रकाना कुठाय?

आपल्याकडे साध्या लग्नाच्या वहीतसुद्धा मांडव कोणाकडे, आचाऱ्याला उचल किती दिली, पंगतीत मीठ कोण वाढणार, सगळं लिहिलेलं असतं. आणि कोट्यवधीच्या कामात समन्वय बैठकीचं इतिवृत्त काय म्हणतं? ‘सर्व संबंधितांनी समन्वय साधावा.’ हा सर्व संबंधित कोण माणूस आहे? आडनाव काय त्याचं? पगार कुठून घेतो?

मी माहिती अधिकारात कागद काढले. पाइपलाइनच्या अंदाजपत्रकात ‘रस्ता पूर्ववत करणे’ ही बाब आहे. तिच्यापुढे रक्कमही आहे. जागेवर मात्र मुरूम लोटून माणसं निघून गेली, आणि पहिल्या पावसात दोन दुचाकीवाले त्यात आपटले. त्या बाबीचं बिल निघालं का? एम.बी.चं नेमकं तेच पान मला दिलेलं नाही. अपील केलंय.

‘तांत्रिक विषय आहे, तुम्हाला कळायचं नाही,’ असं एक साहेब बोलले. साहेब, किती मीटर खोदलं आणि किती बुजवलं, हे शेतकऱ्याच्या पोराला कळतं.

माझी मागणी एवढीच. कामाच्या फलकावर नुसती एकूण रक्कम आणि पुढाऱ्यांची नावं नकोत. प्रत्येक बाब, तिचा खर्च, जबाबदार अभियंत्याचं नाव आणि कामांचा क्रम लिहा. गटार, पाइप, मग रस्ता.

2005 च्या माहिती अधिकार कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे. सोमवारी सकाळी 11 ला मी पाहणीचा अर्ज देतोय. ज्यांना आपला स्वतंत्र अर्ज द्यायचाय त्यांनी 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प घेऊन या. मजकूर मी लिहून देतो.