जनाज्याला चारशे, कूस बदलायला एक

अम्मीच्या जनाज्याला चारशेच्या वर माणसं होती. ती फजरच्या सुमारास गेली आणि असरच्या आत दफनही झालं. कफन कुणी आणलं, कबर कुणी खोदून घेतली, बाहेरगावच्या पाहुण्यांच्या जेवणाचं कुणी पाहिलं, यातलं काहीच मला विचारावं लागलं नाही. मोहल्ल्यातल्या बायकांनी गुस्ल दिला. खांदा बदलायला तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक उभे होते. आपल्या समाजात ही गोष्ट खरोखर चांगली आहे. मयत कुणाचीही असो, ती एकट्या घराची राहत नाही.

त्या रात्री माझी मोठी बहीण, आपा, अम्मीच्या रिकाम्या खाटेजवळ बसली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आज किती माणसं आली रे. यातला एक जण जरी चार वर्षांत दर आठवड्याला दोन तास आला असता, तर मी एकदा तरी निवांत अंघोळ केली असती."

ती रागानं बोलली नव्हती. म्हणूनच ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक साधा नियम असतो. सगळा भार एकाच सर्व्हरवर ठेवायचा नाही, कारण तो कधी ना कधी बंद पडतो. म्हणून दुसरा तयार ठेवायचा. ऑफिसात मी हे नव्या मुलांना शिकवतो. घरात मात्र चार वर्षं सगळा भार एकाच माणसावर टाकून मी निवांत होतो, आणि त्याला 'आपा अम्मीची किती खिदमत करते' असं कौतुकानं म्हणत होतो.

२०१९ साली अम्मीला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळलं, पुढे हळूहळू आठवणही गेली. आपा तलाकनंतर माहेरीच होती. ब्लाउज शिवून स्वतःचं भागवत होती. त्या दिवसापासून तिचं शिलाई मशीन चादरीखाली गेलं ते गेलंच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात. दर दोन तासांनी म्हणजे रात्रीसुद्धा. भरवणं, पुसणं, डायपर बदलणं, लघवीची पिशवी रिकामी करणं. वर मगरिबच्या सुमारास अम्मी बावरायची, "मला घरी जायचंय" म्हणून रडायची, तेव्हा तिची समजूत घालणं. हे सगळं एका बाईनं चार वर्षं केलं.

आणि आम्ही दोघे भाऊ? पैसे पाठवत होतो. मी तर एक पाऊल पुढे गेलो होतो. आपाच्या मोबाइलवर गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप टाकून दिलं होतं. मोबाइल वाजायचा, पण उठून गोळी आपाच द्यायची.

२०२२ मध्ये ती स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. रक्तदाब वाढलेला, कंबर कामातून गेलेली. डॉक्टरांनी विचारलं, "शेवटची तपासणी कधी केली होती?" तिला आठवेना. आम्हालाही सांगता येईना, कारण तिची तब्येत हा विषय घरात कधी निघालाच नव्हता.

आईवडिलांच्या खिदमतीवरचे बयान आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यात खोटं काही नाही. पण खिदमत करणाऱ्याची खिदमत कोण करणार, हा प्रश्न आपण विचारत नाही. सेवेचं पुण्य सगळ्या घराचं आणि सेवेचं काम घरातल्या एका बाईचं, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. हे फक्त मुसलमानांच्या घरात होतं असं मुळीच नाही. पण आपल्या घरात होतं, आणि ते आपणच बदलू शकतो.

इथे कायद्यातली एक गंमत पाहा. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे. त्यात आईवडिलांची जबाबदारी मुलगा, मुलगी, सज्ञान नातू आणि नात यांच्यावर टाकली आहे. त्या यादीत सून नाही. म्हणजे कायदा ज्याला जबाबदार धरतो तो मुलगा नोकरीवर, आणि ज्या सुनेचं कायद्यात नावही नाही ती खाटेजवळ. सून नसेल तर परतून आलेली किंवा लग्न न झालेली मुलगी.

दुसरी गोष्ट. निव्वळ प्रेम असून शुश्रूषा जमत नाही. ते शिकावं लागतं. आमच्या घरात प्रेमाची कमतरता नव्हती, माहितीची होती. त्यातून झालेल्या तीन चुका सांगतो.

पहिली चूक पहिल्याच रात्री झाली. अम्मीचं तोंड वाकडं झालं, हात उचलेना, शब्द अडखळू लागले. कुणी अशक्तपणा म्हटलं, कुणी नजर म्हटलं, आणि आम्ही सकाळची वाट पाहिली. मेंदूतली गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ही तीन लक्षणं दिसली की १०८ ला फोन करायचा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात पोचायचं. बाकी सगळं नंतर.

दुसरी चूक गोळ्यांची. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या. दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत रक्तदाबाचं औषध एकच होतं आणि अम्मी दोन्ही घेत होती. रक्तदाब एकदम उतरला. खाटेवरून आधारानं उठवताना ती पडली. ऑफिसात एकच नोंद दोनदा आली तर मी ती मिनिटात पकडतो. घरातल्या औषधांच्या डब्यात मी कधी डोकावलोच नव्हतो. प्रत्येक गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं. सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून दर तीन महिन्यांनी एकाच डॉक्टरांसमोर ठेवणं, एवढं काम मुलगा पुण्याहून येऊनही करू शकतो. रमजानच्या आधी तर हे हवंच. मधुमेहाचे म्हातारे रोजा सोडायला तयार नसतात आणि गोळ्यांच्या वेळा आपल्या मनानं बदलतात.

तिसरी चूक व्यायामाची. लकव्यानंतरचे पहिले काही महिने फिजिओथेरपीसाठी सगळ्यात मोलाचे. "आराम करू दे बिचारीला" म्हणत ते आम्ही घालवले.

मग सरकारी सोयी. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या प्रत्येक भारतीयाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयातल्या उपचारांचं संरक्षण आहे. त्याचं वय वंदना कार्ड आधारवर निघतं. अम्मीला ते मिळालं नाही, ती त्याआधीच गेली होती. पण माझ्या चाचीचं कार्ड मी काढून दिलं. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत पासष्टच्या पुढच्या गरीब वृद्धांना महिना दीड हजार रुपये मिळतात. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. मन थकलं तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, आणि तो शुश्रूषा करणाऱ्यासाठीही आहे.

अडचण असते ती कागदांची. आपल्या म्हाताऱ्या बायकांच्या आधारवर नावापुढे 'बी' असतं, रेशनकार्डावर 'बेगम', आणि बँकेत नुसतंच नाव. जन्मतारीख तर सगळीकडेच अंदाजानं लिहिलेली. वयानं आणि कष्टानं बोटांचे ठसे पुसट झालेले, मशीन घेत नाही. मग त्या दोन खेटे घालून घरी बसतात. बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते, हे त्यांना सांगणारं कुणी नसतं. ज्यांना हे सगळं बसल्या जागी कळतं, ते आपण फोनवर रील पाहत असतो.

सरकारकडे मागायचं नाही, असं मी म्हणत नाही. वय वंदना कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी आहे. घरातल्या चार वर्षांना त्याचा उपयोग नाही. डायपर, हवेची गादी, रोजच्या गोळ्या, रात्रपाळीची बाई, हा खरा खर्च तर घरात होतो. वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा वेगळा विभाग असावा, असं त्यात म्हटलं आहे. आपल्या जिल्ह्यात तो आहे का, चालतो का, हे आपण एकदा जाऊन पाहावं आणि नसेल तर विचारावं. खासगी नोकरीत बाळंतपणासाठी २६ आठवड्यांची रजा कायद्यानं मिळते, आणि मिळायलाच हवी. अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी मात्र कायद्यानं तशी रजा नाही. हीसुद्धा मागायची गोष्ट आहे.

पण मागत असताना हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. केरळात काय झालं ते पाहा. १९९३ मध्ये कालिकतमध्ये डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाची एक छोटी संस्था सुरू केली. पुढे त्यांच्या लक्षात आलं की दीर्घ आजारी माणसाला डॉक्टर आठवड्यातून थोडाच वेळ लागतो, बाकी सगळा वेळ माणूस लागतो. मग मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत शेजाऱ्यांचं जाळं उभं राहिलं. आठवड्यातून किमान दोन तास देऊ शकणाऱ्याला प्रशिक्षण द्यायचं आणि नर्सच्या जोडीनं घरोघरी पाठवायचं. पैसा आला तो बराचसा लहान-लहान देणग्यांतून. २००८ मध्ये केरळ सरकारनं यासाठी धोरण आणलं आणि पंचायती त्यात उतरल्या. मलप्पुरम हा मुस्लिमबहुल जिल्हा आहे. पण हे काम एका धर्माचं नाही, गावाचं आहे. जाणारा मुसलमान, खाटेवरचा हिंदू किंवा ख्रिस्ती, किंवा याच्या उलट. अशा कामात सलोख्याचं वेगळं भाषण करावं लागत नाही.

दोन तास. आपा म्हणाली होती तेवढेच.

आपल्यालाही हे अवघड नाही. आपल्याकडे जमात आहे, मयतीची व्यवस्था पाहणारी माणसं आहेत, एका मेसेजवर जमणारी मुलं आहेत. कोविडच्या काळात महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुस्लिम तरुणांनी सर्व धर्मांच्या माणसांचे अंत्यविधी केले. ज्यांनी ते केलं, त्यांना जिवंत माणसाची कूस बदलणं जड जाणार नाही. मशिदीत जनाजा ठेवलेला असतो. त्याच्या शेजारी एक व्हीलचेअर, एक वॉकर, एक कमोडची खुर्ची आणि हवेची गादी का असू नये? एकाचं काम झालं की दुसऱ्याच्या घरी. नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या मुली भरपूर आहेत. महिन्यातून एका रविवारी त्या मोहल्ल्याला जखम धुणं, उचलणं, भरवणं शिकवू शकतात. शिकायला मुलग्यांनीही बसायचं. बापाला अंघोळ घालणं हे सुनेचं काम नाही, मुलाचं आहे.

आणखी एक गोष्ट लिहितो, जी लिहिताना जरा संकोच वाटतो. अम्मीनंतर घराची वाटणी करायची वेळ आली. अब्बा आधीच गेलेले. आम्ही दोन भाऊ आणि एक बहीण. वारसाहक्काच्या नियमानं पाच हिस्से होतात, दोन-दोन भावांचे आणि एक बहिणीचा. चार वर्षांच्या रात्रींची वाटणी झाली तेव्हा मात्र पाचही हिस्से तिच्याकडे होते. आम्ही भावांनी आमच्यातून तिला देऊन तिघांचे वाटे सारखे केले. आपला हिस्सा राजीखुशीनं बहिणीला द्यायला कुणाची मनाई नाही. यात आम्ही मोठेपणा केला असं मला वाटत नाही. हिशोब अजून तिच्याच बाजूनं निघतो. पण तुमच्या घरी हा प्रसंग येईल तेव्हा नियमाचं पुस्तक उघडण्याआधी रात्रींचा हिशोब जरूर मांडा. आणि शक्य असेल तर आईवडील हयात असतानाच बोला.

गेल्या रमजाननंतर आमच्या गावात नऊ जणांची एक यादी केली. चार घरं, प्रत्येक घरी आठवड्याला दोन तास. वॉट्सॲपवर एक साधा तक्ता आहे, त्यासाठी ॲप लागलं नाही. दोन महिन्यांत दोघं गळाले, एक नवा आला. मी महिन्यातून एक शनिवार-रविवार गावी जातो आणि चाचाजवळ बसतो, म्हणजे चाचीला बाहेर पडता येतं. पहिल्यांदा डायपर बदलताना मला मळमळलं होतं. आता होत नाही.

मागच्या खेपेला चाची परत आली तेव्हा तिच्या हातात भाजीची पिशवीही नव्हती. मी विचारलं, कुठे गेली होतीस? म्हणाली, "कुठेच नाही. बहिणीच्या घरी जाऊन झोपले."

मशीनवरची चादर आपानं काढली आहे. कंबर दुखते म्हणून एका वेळी अर्धा तासच बसते. तुमच्या घरात किंवा गल्लीत अशी एक आपा असेल. तिच्यासाठी दुवा करा, पण त्याआधी तिला फोन करून विचारा: या आठवड्यात कुठले दोन तास येऊ?